चार बोटं खाली

बाईंना माणसं खालून वर दिसायची. कोणी दारातून आत आलं की त्यांची नजर आधी पावलांवर, मग साडीच्या नाहीतर सलवारीच्या कडेवर जायची आणि तिथेच इतकी रमायची, की ती चेहऱ्यापर्यंत पोचेस्तोवर समोरचं माणूस आपलं म्हणणं सांगून मोकळं झालेलं असायचं. मी त्या कपड्यांच्या डिझाइन स्टुडिओत नोकरी मागायला गेले, तेव्हा मालकीण असलेल्या मॅडमनी माझी फाइल पाहिली, चित्रं पाहिली, कॉलेज कुठलं तेही विचारलं. बाई कोपऱ्यात कटिंगच्या टेबलापाशी बसून माझ्या कपड्यांच्या कडा पाहत होत्या.

"बसनं आलात. उभ्यानं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि डावा हात वरच्या दांडीला."

मी परत हो म्हटलं. मला जरा भीतीच वाटली.

"कुडत्याची डावी कड दोन बोटं वर आलीय. लोंबकळत आल्याशिवाय अशी येत नाही." मग त्या मॅडमकडे वळल्या. "ठेवून घ्या. रिक्षानं आले म्हणाली असती तर नको म्हटलं असतं."

अशी माझी निवड झाली. माझ्या चित्रांबद्दल बाई त्यानंतर कितीतरी महिने एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा म्हणाल्या, "चित्रं छान काढता. एकाही बाईला पाय नाहीत." मी घरी जाऊन सगळी चित्रं काढून बघितली. खरंच नव्हते. घोट्याच्या आसपास माझी पेन्सिल दमायची.

स्टुडिओ कर्वे रस्त्याच्या एका आडगल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. खालून ड्रिलचा आवाज यायचा, वरून शिलाई मशीनचा जायचा आणि दोन्हीकडची गिऱ्हाइकं सारखीच तोंडं करून बसलेली असायची. ते दिवस खराडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवण्याचे होते. जिच्या आईनं आख्खी नोकरी बँकेत सहावारी साडीवर काढली, अशी मुलगी एकाएकी परदेशी कंपनीत लागायची, स्कूटी घ्यायची आणि आम्हाला येऊन सांगायची, "मला ना, काहीतरी ट्रॅडिशनल द्या, पण कंफर्टेबल." मॅडमनी हे वाक्य बरोबर हेरलं होतं. जुन्या बायकांचे कपडे शोधायचे आणि त्यांतून नवे काढायचे, हा त्यांचा धंदा. त्यांना डोळा होता, ओळखी होत्या, इंग्रजी होतं. कपडा अंगावर उभा कसा राहतो हे मात्र बाईंना कळायचं, म्हणून त्यांनी बाईंना हाताशी धरलं होतं.

बाई सरकारी प्रशिक्षण संस्थेत आयुष्यभर कापणं-शिवणं शिकवून निवृत्त झालेल्या. अंगानं किरकोळ, आवाजानं खणखणीत. बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि एकटं राहण्याबद्दल कोणी हळहळलं की म्हणायच्या, "टेबल मोठं ठेवता येतं." साडी नेहमी सुती, कडक, आणि तिची कड टाचेला टेकेल न टेकेल अशी. त्यांची साडी कधी वर गेलेली किंवा खाली लोळलेली मी पाहिली नाही, पाऊस असो की बसची गर्दी. मोजमापं सगळी बोटांत. टेप त्यांच्या गळ्यात असायची, पण ती आमच्यासाठी. "इंच सगळ्यांचे सारखे," म्हणायच्या, "त्यात मजा काय?"

माणसाची चौकशी करायची पुण्याची जुनी हौस आमच्या आईलाही आहे. ती एकदा स्टुडिओत आली आणि लगेच विषयाला हात घातला.

"मूळच्या कुठल्या आपण?"

"बिबवेवाडीच्या."

"हो, पण त्याआधी?"

"त्याआधी आईच्या पोटात."

आईनं घरी येऊन जाहीर केलं की बाई फटकळ आहे पण शिवते छान. आमच्या पेठेत याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणाला मिळत नाही.

कपडे घालून ठेवायच्या पुतळ्याला बाई ठोकळा म्हणायच्या. मॅडमनी हौसेनं मुंबईहून आणलेला ठोकळा बाईंनी जिन्यात नेऊन ठेवला आणि त्याच्या खांद्यावर छत्र्या अडकवायला सुरुवात केली. "ठोकळ्याला घाम येत नाही, मूल होत नाही, बस चुकत नाही. त्याला काय शोभेल ते त्याला घाला." प्रत्येक नवा कपडा आमच्यापैकी कोणीतरी घालायचा, उकिडवं बसायचं, दातांच्या डॉक्टरांच्या मजल्यापर्यंत जिना उतरून परत चढायचा, पाण्याची बादली उचलायची. व्हरांड्यात स्टँडवर लावलेली एक जुनी बंद लूना होती, तिच्यावर टांग टाकून बसायचं. लग्नाच्या कपड्यांसाठी आलेल्या एका नवरीला त्यांनी मांडी घालून बसवलं. तिची आई म्हणाली, अहो, जरीला चुण्या पडतील. बाई म्हणाल्या, "होमासमोर ही उभी राहणार आहे का?"

आमचा सगळ्यात गाजलेला कपडा त्या लूनावरच जन्मला. स्कूटीवरून खराडीला जाणाऱ्या एका मुलीची तक्रार होती, की पँट बसली की ताणते आणि सलवार वाऱ्यानं फुगते. बाईंनी मला नऊवारीचा काष्टा स्वतःच्या हातानं नेसवला आणि लूनावर बसवलं. मग त्यांनी माझ्या मागे-पुढे फिरत, वाकत, नुसतं पाहिलं. मला वाटलं त्या काष्ट्याचा आकार पाहताहेत. त्या पाहत होत्या, मी बसले की मागचं कापड कुठून येतं आणि उठले की कुठे जातं. मग त्यांनी साध्या पँटच्या बैठकीत एक तिरपा, चुणीदार तुकडा घातला. वरून दिसायची फॉर्मल पँट. बसलं की ती काष्ट्यासारखी उलगडायची, उठलं की मिटून जायची. त्या मुलीनं आपल्या सगळ्या मजल्याला ती पँट घ्यायला लावली. पेपरात मॅडमचा फोटो आला आणि खाली छापलं होतं, 'नऊवारीपासून प्रेरणा'.

"प्रेरणा कसली?" बाई पेपरची घडी करत म्हणाल्या. "चोरी आहे. पण बसण्या-उठण्यासकट चोरलीय, म्हणून चालेल. नुसता काठ चोरला असता तर मला लाज वाटली असती."

जुने फोटो बघण्याची त्यांची तऱ्हा वेगळीच होती. मॅडम जुन्या बाजारातून जुन्या फोटो-स्टुडिओंतले फोटो आणायच्या, पुठ्ठ्यावर चिकटवलेले, तपकिरी झालेले. आम्ही पोरी दागिने, काठ, पदर कागदावर उतरवून घ्यायचो. बाई आधी एक पोस्टकार्ड घेऊन फोटोतल्या बाईचा चेहरा झाकायच्या. "चेहरा फोटोग्राफरचं ऐकतो. लुगडं ऐकत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा अशीच एक खुर्चीत बसलेली, भरजरी लुगड्यातली बाई आम्हाला फार आवडली. शेजारी फुलदाणी, मागे रंगवलेला बगीचा. मॅडम म्हणाल्या, "काय रुबाब आहे! सरदाराकडची असणार."

बाई त्या फोटोवर वाकून बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "लुगडं हिचं नाही."

"म्हणजे?"

"घड्या बघा. कपाटातून काढलं आणि नेसवलं. आपलं लुगडं बाई नेसते तेव्हा घडी कंबरेपाशी मोडते, ही मोडलेली नाही. उंचीला जास्त होतंय म्हणून पोटाशी सगळा बोळा खोचलाय. आणि पाय बघा. बोटं पसरलेली, टाचेला भेगा. ही अनवाणी चालणारी बाई आहे. हिला कोणीतरी आणून बसवलंय."

फुलदाणी आणि बगीचा तसाच राहिला, पण ती सरदारीण आमच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली आणि तिच्या जागी एक अवघडलेली, पाय लपवता न आलेली बाई येऊन बसली.  इतक्या वर्षांत त्या बाईला कोणी पाहिलंच नव्हतं, बाईंनी पाहिलं.

"बाई, आम्हाला फक्त बॉर्डर हवी होती हो," मॅडम जरा रुसून म्हणाल्या.

"घ्या की. बॉर्डर फोटो-स्टुडिओच्याच मालकीची आहे."

एकदा त्यांच्याबरोबर संग्रहालयात गेले होते. काचेच्या पेटीत जुन्या काळच्या पोशाखातली एक मूर्ती उभी होती. बाईंनी पर्स माझ्या हातात दिली आणि सरळ जमिनीवर आडव्या झाल्या, निऱ्यांची खालची कड आतून कशी दुमडलीय ते बघायला. पहारेकरी धावत आला. "अहो आजी, उठा, चक्कर आली का?" बाई पडल्यापडल्याच म्हणाल्या, "चक्कर नाही आली. वाचतेय." त्यानं आणखी एकाला बोलावलं. दोघं मिळून बाईंचं वाचून होईपर्यंत अदबीनं उभे राहिले. मला हसू येत होतं आणि हेवाही वाटत होता. कशासाठी तरी असं जमिनीवर पडायची माझी हिंमत झाली नसती.

मॅडम आणि बाई यांच्यात कुरबुरी चालायच्या, पण भांडण कधी झालं नाही. एकदाच होता होता राहिलं.

खराडीतल्या एका कंपनीनं नवी इमारत बांधली होती. उद्घाटनाला परदेशातून पाहुणे येणार होते आणि त्यानंतरही पुढच्या दाराशी, रिसेप्शनला बसणाऱ्या मुलींना 'महाराष्ट्राच्या मातीतला' पण आधुनिक असा युनिफॉर्म हवा होता. इतकं मोठं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळत होतं. मॅडम जुन्या बाजारातून एक फोटो घेऊन आल्या. कुठल्याशा बांधकामावर रांगेत उभ्या असलेल्या काम करणाऱ्या बायका, काष्टा मारून, लुगडी जेमतेम गुडघ्याखाली, पायांत जाडजूड कडी.

"ह्या पायांकडे बघा!" मॅडम हरखून गेल्या होत्या. "किती मॉडर्न आहे हे! हीच लेंग्थ ठेवायची. खाली पांढरे शूज द्यायचे."

बाईंनी पोस्टकार्ड घेतलं, एकेक चेहरा झाकत गेल्या. रांगेच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"हे बायकांनी आपण होऊन नेसलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग कोणी नेसवलं?"

"गावानं."

मॅडम हसल्या. बाईंची अशी वाक्यं आम्ही गोळा करायचो, त्यातलंच हे एक समजून मीही हसले. बाईंनी पुढे काही म्हटलं नाही. विणकराकडून खास विणून घेतलेलं कापड आलं, गडद निळं, खाली लाल काठ. बाईंनी ते मॅडमनी सांगितलेल्या उंचीला, जराही चूक न करता कापलं. वर हातमागाचं, नितंब झाकणारं जाकीट. काष्टा शिवून टाकायचा नाही, जिनं तिनं स्वतः खोचायचा, एवढाच हट्ट त्यांनी धरला आणि तो मॅडमनी मान्य केला.

उद्घाटनाला थोडे दिवस राहिले असताना रिसेप्शनच्या चौघी जणी मापाला आल्या. त्यांच्याबरोबर कंपनीच्या एचआरचा एक तरुण होता, नम्र, घाईत असलेला. तिघी जणी पडद्याआडून बाहेर आल्या, आरशात वळून वळून बघायला लागल्या. चौथी येईना. ही धायरीहून दोन बस बदलून खराडीला जायची. एजन्सीमार्फत कंत्राटावर लागली होती आणि घरातली, ऑफिसात खुर्चीवर बसणारी ती पहिलीच, हे तिनं जिना चढतानाच मला आनंदानं सांगितलं होतं. मी पडदा जरा बाजूला केला. तिनं तो पोशाख घातला होता आणि आपली ओढणी गुडघ्यांपुढे दोन्ही हातांनी धरून ती उभी होती.

"मॅडम, सॉरी. मी हे नाही घालणार," ती म्हणाली.

एचआरचा तरुण हसला. "अगं, प्रॉब्लेम काय आहे? ऑफिसच्या ट्रिपला तू शॉर्ट्समध्ये होतीस."

"शॉर्ट्स मी घालते, सर. हे तुम्ही मला घालायला लावताय."

"युनिफॉर्म सगळ्यांनाच घालायला लावतात."

तिनं ओढणी आणखी घट्ट धरली. मग खाली बघत म्हणाली, "माझ्या पणजीला लुगडं पोटरीच्या खाली आणू देत नव्हते. गावात. लांबून कळायला पाहिजे ना, बाई कुठल्या वस्तीतली आहे ते. आजीनं सांगितलंय मला. आता मी हे घालून दारात उभी राहणार, घरी फोटो दाखवणार. आजीला काय सांगू, सर?"

 खालून ड्रिलचा आवाज तेवढा येत होता. तो तरुण वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर उद्घाटन होतं. तो मॅडमना म्हणाला, "मला ही हिस्टरी खरंच माहीत नाही. पण डिझाइन वरून ॲप्रूव्ह झालंय. फ्रंट डेस्कला हा ड्रेस लागणारच. तिला जमत नसेल तर एजन्सीला कळवावं लागेल, दुसरी मुलगी द्या म्हणून." मुलीनं मान हलवली. तिला ते आधीच माहीत होतं. ओढणी मात्र तिनं सोडली नाही.

बाईंनी कात्री टेबलावर ठेवली.

"पणजीचं गाव कुठलं ग?"

"भोरच्या पलीकडे."

"आमचं घाट उतरून खाली." बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग वर्गात शिकवावं तशा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलायला लागल्या.

"माझ्या आजीचंही असंच. आज आम्ही बौद्ध. तेव्हा गाव आम्हाला वेगळ्या नावानं हाक मारायचं आणि आमच्या बायकांचं लुगडं कुठपर्यंत ते गाव ठरवायचं. मग एक मोठी सभा झाली. आजी चालत गेली होती. तिथे बायकांना सांगितलं, आजपासून लुगडं घोट्यापर्यंत नेसा, ती जड कडी-बिडी टाकून द्या. आजी परत आली आणि नेसायला बसली, तर पुरेना. आम्हाला मिळायची ती लुगडी कमी पन्ह्याची. कापडाची रुंदीच कमी, तर घोट्यापर्यंत येणार कुठून? खाली तुकडा जोडावा, तर काठाखाली ठिगळ दिसणार आणि गाव हसणार. तिनं काय केलं? जुनेर फाडून पट्टी काढली आणि ती वर जोडली. कंबरेपाशी, जिथे खोचतात तिथे. कोणाला दिसलीच नाही. लुगडं चार बोटं खाली आलं आणि सकाळी ती तशी गावातून चालत गेली."

"मग?" त्या मुलीनं विचारलं. तिच्या हातातली ओढणी सैल झाली होती.

"मग चावडीवर बोलावलं. वर घे म्हणाले. आजोबांचं काम बंद केलं. घरात चूल पेटेना असे दिवस गेले. लुगडं काही वर गेलं नाही." बाईंनी आपल्याच कंबरेशी बोटं नेली. "मी लहानपणी ती पट्टी बोटांनी चाचपून बघायची. पुढे मोठ्या पन्ह्याची लुगडी मिळायला लागली, तरी ती जोडत राहिली. शिवण मी तिथून शिकले. तेव्हा परदेशात काय फॅशन होती मला ठाऊक नाही. माझ्या लेखी त्या वेळची सगळ्यात मोठी डिझायनर माझी आजी."

मी बाईंबरोबर इतकी वर्षं काम केलं होतं. त्यांना वाचता येतं हे मला माहीत होतं. कुठून वाचायला शिकल्या हे त्या दिवशी कळलं आणि मला त्यांच्यापुढे अगदी लहान झाल्यासारखं वाटलं. मॅडमचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी तो फोटो टेबलावरून उचलला, बघितला, पालथा ठेवला.

"कापड संपलंय," बाई आता नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "विणकर एवढ्यात देणार नाही. खाली काठ आहे, खालून लांबी मिळायची नाही. वरून मिळेल. दीड वीत पट्टी लावते, जाकिटाच्या आत जाईल. पट्टीला आतून नाड्यांच्या ओळी देते. जी जिथे बांधेल तिथपर्यंत कड येईल."

"पण मॅम, डिझाइन ॲप्रूव्ह झालंय," तो तरुण म्हणाला.

"डिझाइन माझं आहे," मॅडम म्हणाल्या. "मी बदलतेय. तुमच्या वरच्यांना पटलं नाही, तर ऑर्डर रद्द करा, पण ह्या मुलीला काढू नका. चूक तिची नाही."  त्या ऑर्डरवर त्यांनी काय काय बेत केले होते ते मला माहीत होतं. तो तरुण फोन घेऊन जिन्यात गेला. खूप वेळ बोलत होता. परत आला आणि म्हणाला, "उद्या परत जाऊन तूच बघ, म्हणालेत. मी काय ते ठरवायचं."

तो गेल्यावर बाई अस्तराच्या कापडाच्या पट्ट्या फाडत बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलंच, "बाई, कापतानाच का नाही बोललात?"

त्या फाडायच्या थांबल्या नाहीत. "वाटलं होतं, ह्या पोरींना आता कोणाला आठवत नसेल. नसेल आठवत तर बरंच झालं, असंही वाटलं. कशाला आपण आठवण करून द्या." मग पट्टी माझ्या हातात दिली. "पण तिच्या आजीनं सांगून ठेवलंय बघ. शाबास त्या बाईची."

दुसऱ्या दिवशी चौघी परत आल्या, तो तरुणही आला. बाई जमिनीवर बसल्या, तोंडात टाचण्या धरून. पहिलीला विचारलं, "कुठपर्यंत?" ती म्हणाली, "पोटरीपर्यंत." बाईंनी नाडी बांधली, कड सारखी केली. दुसरी जरा लाजत म्हणाली, "मला ना, गुडघ्यापर्यंतच आवडलंय. शूज छान दिसतात." मला वाटलं, आता बाई बोलणार. बाईंनी तिचीही कड तेवढंच मन लावून सारखी केली आणि म्हणाल्या, "छान दिसतं तुला." तिसरी मधल्या कुठल्या तरी ओळीवर थांबली.

"सगळ्यांची उंची वेगळी?" तरुणानं विचारलं. "युनिफॉर्म म्हणजे..."

"काठ एक आहे," मॅडम म्हणाल्या. "उंची ज्या त्या मुलीची."  त्यानं तिघींकडे पाहिलं, होकारार्थी मान हलवली आणि खुर्ची ओढून बसला.

मग ती आली. आज तिच्या हातात ओढणी नव्हती. एवढ्या वयाची बाई आपल्या पायांशी बसलेली बघून ती अवघडली आणि मागे सरली. "अहो बाई, तुम्ही उठा ना, मी बांधते."

"मी माझं काम करतेय. तू उभी राहा सरळ. कुठपर्यंत?"

ती आरशात बघत राहिली. हा प्रश्न आपल्याला कोणी विचारेल असं तिला वाटलं नसावं. "घोट्यापर्यंत," ती हळूच म्हणाली.

बाईंनी बांधलेली नाडी सोडली, तिच्या वरची बांधली. लाल काठ सरकत घोट्याशी आला.

"अजून खाली," मुलगी म्हणाली. आता तिचा आवाज मोकळा झाला होता.

बाईंनी आणखी एक ओळ सोडली. काठ टाचेवर टेकला.

"अजून."

बाईंचे हात नाडीवरच थांबले. मी वाकून बघितलं. वर एकही ओळ उरली नव्हती. बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून माझ्या हातात दिल्या आणि टाचेशी टेकलेली कड पुन्हा सावरून धरली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता, कारण दोन्ही हातांत त्या मुलीच्या लुगड्याचा काठ होता.

"पट्टी संपली ग," त्या म्हणाल्या. "उद्या अजून जोडून देते."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ती जोडून दिली.